वाट न बघणारा कुत्रा

माणसांची तोंडं तिने आयुष्यभर पाहिली, चेहरे मात्र फार थोडे. शहरातल्या दातांच्या डॉक्टरांकडून तिच्या टेबलावर यायचे ते प्लास्टरचे जबडे, आणि प्रत्येक जबड्याला रबराने बांधलेली एक चिठ्ठी. वय, बाई की पुरुष, दातांचा रंग, चावा कसा, कधीपर्यंत हवं. एवढ्यावरून ती कवळी बनवायची. सव्वीस वर्षं हेच काम. ज्याच्या तोंडात ती कवळी जाणार तो माणूस तिला कधी दिसत नसे, आणि तिला त्याची गरजही पडत नसे. जबडा हातात घेऊन अंगठा फिरवला की ती सांगायची, हा उजव्या बाजूनेच जेवतो. ही शिवणकाम करत असणार, दोरा तोडून तोडून पुढच्या दाताला खाच पडलीय. बिल्डिंगमध्ये तिला तोंडावर ताई म्हणत आणि पाठीमागे दातवाली. दोन्ही नावं तिला ठाऊक होती आणि दोन्ही चालत होती.

आई गेली त्याला आठ महिने झाले होते. चौथ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत दोघीच राहायच्या. त्या दिवशी ती नेहमीसारखी साडेआठला निघाली आणि साडेसातला परतली. आई दारासमोरच्या खुर्चीत बसलेली होती, डोळे उघडे, दाराकडे. डॉक्टरांनी हाताचा ताठरपणा बघून सांगितलं, सकाळी अकराच्या सुमारास गेल्या असतील. म्हणजे त्यानंतर साडेआठ तास आई दाराकडे बघत होती, आणि बघणारी त्यात नव्हती. ही गोष्ट तिने कुणाला सांगितली नाही. सांगण्यासारखं त्यात होतं तरी काय? म्हातारं माणूस, झोपेत जावं तसं गेलं, सोनं झालं, असंच सगळे म्हणाले.

खुर्ची तिने देऊन टाकली. त्या जागी एक कुंडी आणून ठेवली. कुंडीतलं झाड पंधरा दिवसांत वाळलं. दाराजवळ ऊन येत नाही, एवढंच त्याचं कारण. पण तिने दुसरं झाड लावलं नाही.

रोज संध्याकाळी किल्ली फिरवताना तिचा श्वास अडकायचा. आत कुणीतरी गुडघ्यावर हात टेकून उठतंय असं वाटायचं. दार उघडलं की कुणी नाही. कुणी नसण्याची भीती वाटते की असण्याची, हे तिला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

"एक कुत्रा आण," दुसऱ्या शहरातला भाऊ फोनवर म्हणाला. "घरात जीव हवा काहीतरी. तुझा आवाज कसा झालाय माहितेय? विहिरीतून बोलल्यासारखा."

"दादा, मी अकरा तास बाहेर असते."

"मग झोपेल अकरा तास. कुत्रे झोपतात."

"आणि जागा झाला तर?"

"तर वाट बघेल तुझी. दुसरं काय करणार!"

भाऊ सहज बोलून गेला आणि मग मुलांच्या शाळेकडे वळला. इकडे 'वाट बघेल' हे दोन शब्द तिच्यापाशी राहिले. पण कुत्र्याचा विचार काही डोक्यातून जाईना. घरात कुणाचा तरी श्वास हवा होता. फक्त त्या श्वासाने तिची वाट बघायला नको होती. असाही एखादा असेलच की, तिने स्वतःला समजावलं. माणसांत असतात, तसे कुत्र्यांतही असतील.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये तिने कामाचीच एक कोरी चिठ्ठी घेतली आणि कुत्र्याची मागणी लिहून काढली. उंची गुडघ्याच्या खाली. केस न गळणारे. आवाज नको. एकटं राहणं, अकरा तास. खाली जिथे 'विशेष सूचना' असं छापलेलं असतं तिथे तिने पेन टेकवलं, उचललं, पुन्हा टेकवलं आणि लिहिलं, वाट बघणारा नको.

शेजारच्या टेबलावर उस्ताद बसत. लॅबमधले सगळ्यांत जुने कारागीर, कपाळावर कायम भिंग चढवलेलं. त्यांनी ते डोळ्यांवर ओढून चिठ्ठी वाचली.

"हे कुत्र्याचं वर्णन नाही, ताई. हे पायपुसण्याचं आहे."

"थट्टा नको, उस्ताद."

"थट्टा कसली! कासव पाळ. दोनशे वर्षं जगतं आणि तुझ्याकडे ढुंकून बघत नाही."

"कासव दिवसभर काय करतं ते कळत नाही कुणाला."

"मग उशी पाळ," उस्ताद म्हणाले, आणि मेणाचा दिवा पेटवून कामाला लागले. पण थोड्या वेळाने, मान वर न करता म्हणाले, "विशेष सूचना काढून टाक. तेवढी एक सोडली तर मिळेल."

ती तिने काढली नाही.

दोन रविवार शोधात गेले. पहिलं घर एका नवरा-बायकोचं होतं. ते परदेशी चालले होते आणि त्यांना त्यांचा छोटा पांढरा कुत्रा कुणाला तरी द्यायचा होता. उंची बरोबर, केस न गळणारे, भुंकणं नावाला. "आणि प्रेमळ म्हणाल तर इतका," ती बाई कौतुकाने म्हणाली, "मी आंघोळीला गेले तरी दाराबाहेर बसून राहतो. बाहेर येईपर्यंत पाण्याला तोंड लावत नाही." तिने अर्धा चहा तसाच ठेवला आणि उठली.

दुसऱ्या घरात एक लांबट, सडपातळ कुत्री होती. दिवसभर सोफ्यावर लोळते, फ्लॅटसाठीच जन्मलीय, असं मालक छातीठोकपणे सांगत होता. कुत्री खरोखरच लोळत होती. पण बाल्कनीच्या काचेवर, जमिनीपासून हातभर उंचीवर, नाकाचे ओले ठसे होते. एक-दोन नाही. एकमेकांवर बसलेले, वाळलेले, पुन्हा ओले झालेले, काचेवर धुकं उतरावं तसे. तिने ते बघितले. मालकाने तिला बघताना बघितलं.

"ते ना," तो म्हणाला, "आम्ही कामावर जातो तेव्हा जरा बसते तिथे. पाचेक मिनिटं."

पाच मिनिटांचे ठसे आणि पाच तासांचे ठसे यांतला फरक कळायला कुत्र्यांतलं काही कळावं लागत नाही.

तिसऱ्या रविवारी ती शहराच्या टोकाला, बेवारस कुत्र्यांच्या निवाऱ्यात गेली. निवारा चालवणारी बाई आडव्या हाडाची, बोलणं तोडून टाकल्यासारखं. फाटक वाजताच वीस-पंचवीस कुत्री जाळीवर झेपावली. सगळ्यांच्या डोळ्यांत एकच प्रश्न, आणि तो तिला नको होता. ती मान खाली घालून चालत राहिली. शेवटच्या पिंजऱ्यात एक तपकिरी कुत्रा बसला होता, तोंड भिंतीकडे करून. फाटक वाजलं, गलका झाला, ती येऊन उभी राहिली. त्याने मान वळवली नाही.

"हा?"

"तो कुणाकडे बघत नाही. चार महिने झाले, तसाच."

"भुंकतो?"

"मी तरी ऐकलं नाही."

"वय?"

"कागद नाही. सकाळी फाटक उघडायला आले तर बांधून ठेवलेला. बांधणारा पसार."

ती आत गेली, गुडघ्यांवर बसली आणि सव्वीस वर्षांच्या सवयीने त्याचा वरचा ओठ उचलला. त्याने उचलू दिला. पुढचे दात हिरडीपर्यंत झिजून सपाट झालेले, सुळ्यांची टोकं गेलेली. तिचा जीव भांड्यात पडला. म्हातारा होता. म्हातारा, थकलेला, दाराकडे पाठ फिरवलेला. उरलेले दिवस झोपून काढील.

"अकरा वर्षांचा आहे," ती म्हणाली. "बाराही असेल."

"मला नाही तसं वाटत. चालणं बघा त्याचं."

"चालणं मला कळत नाही. दात कळतात. दात खोटं बोलत नाहीत."

"माणसांचे बघता ना तुम्ही?"

"दात ते दात."

निवाऱ्याच्या बाईने खांदे उडवले. "पंधरा दिवस ठेवून बघा. पंधराव्या दिवशी मी फोन करीन. हो की नाही एवढंच सांगायचं, कारणं मला नकोत. कारणं ऐकून ऐकून कान किटलेत."

लिफ्टमध्ये तो तिच्या पायाला पाय लावून उभा राहिला. घरात शिरल्यावर त्याने दोन्ही खोल्या नाकाने तपासल्या, स्वयंपाकघरात पाणी प्यायला, आणि परत येऊन दारासमोर, कुंडीला खेटून बसला. तिने त्याच्यासाठी खिडकीजवळ जुनी गोधडी घातली होती. पट्टा धरून तिथे नेलं. तो गेला, बसला, आणि ती वळताच उठून पुन्हा दारासमोर. असं तीनदा झालं. शेवटी तिने कुंडी उचलून बाल्कनीत ठेवली, म्हणजे निदान त्याला जागा तरी होईल.

सोमवारी साडेआठला ती निघाली तेव्हा त्याने आवाज केला नाही. साडेसातला परतली तेव्हा तो तिथेच होता. उडी नाही, शेपटी नाही. नुसतं वर बघितलं, घड्याळाकडे बघावं तसं. दाराची आतली बाजू, कडीच्या खाली हातभर, ओली होती. तिने फडक्याने पुसली. कुत्रे चाटतात, ती मनात म्हणाली. मंगळवारीही पुसली. बुधवारी पुसताना फडक्याला लाकडाचा एक बारीक तंतू लागला. तिने फडकं झटकलं.

बुधवारीच जिन्यात खालच्या काकू भेटल्या. तिसऱ्या मजल्यावर, बरोबर तिच्या घराखाली त्या एकट्या राहत. गुडघ्यांनी बेजार, कानांनी तल्लख. तिच्या आईशी त्यांचं शेवटची दोन वर्षं बोलणं नव्हतं. आई कुंड्यांना पाणी घालायची, ते काकूंच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर टपकायचं, त्यावरून शब्दाने शब्द वाढला तो वाढलाच.

"कुत्रा आणलास म्हणे."

"हो काकू. त्रास होतोय का?"

"त्रास नाही. चालतो दिवसभर. दारापर्यंत येतो, परत जातो. पुन्हा दारापर्यंत. अगदी तसंच..."

"तसंच म्हणजे?"

"काही नाही. हाक काय मारतेस त्याला?"

"अजून काही नाही. 'ए' म्हणते."

"घरातला एकुलता एक पुरुष, त्याला 'ए' म्हणतेस? कर्म माझं!" असं म्हणून काकू हसल्या. पण हसणं चेहऱ्यावर टिकलं नाही, आणि गॅसवर दूध आहे असं सांगून त्या आत गेल्या. दुधाचा वास मात्र येत नव्हता.

म्हातारा कुत्रा दिवसभर चालत नाही. हे तिला कळत होतं. पण कळणं आणि मानणं यांच्यात तिने आणखी तीन दिवस घालवले.

शनिवारी संध्याकाळी घरी आल्यावर ती त्याला जनावरांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली, लस टोचून घ्यायला. डॉक्टर तरुण होता, हसरा.

"वय काय सांगितलंय?"

"अकरा."

"कुणी सांगितलं? उंटावरचा शहाणा दिसतोय," तो म्हणाला, आणि त्याने कुत्र्याचा जबडा पूर्ण उघडला. "या दाढा बघा. पांढऱ्याशुभ्र, टोकदार. हा चार वर्षांचा आहे. फार तर पाच."

"पण पुढचे दात..."

"सुळा बघा. पुढून नका बघू. मागून." त्याने तिचं बोट धरून सुळ्याच्या मागच्या बाजूवर ठेवलं. तिथे एक खोलगट घळ होती, गुळगुळीत, कानशीने घासावी तशी. "खाऊन खाऊन दात मागून झिजत नाही. हा लोखंड चावलाय. जाळी, गज, दाराची कडी, काहीतरी. सुळ्यामागे धरायचं आणि ओढायचं. एक-दोन वर्षं, रोज. याला कोंडून कुणीतरी दिवस-दिवस जात असणार. तुम्ही काय काम करता?"

"कारकून आहे," ती म्हणाली.

रस्त्याने परतताना ती चालत होती की तो तिला चालवत होता, कोण जाणे. पंचवीस कुत्र्यांतून, चिठ्ठी हातात घेऊन, डोळ्यांत तेल घालून तिने निवडला होता तो हा. वाट बघून बघून ज्याने स्वतःचे दात संपवले तो. भिंतीकडे तोंड त्याने दाराचं काही वाटत नाही म्हणून केलं नव्हतं. जे बघवत नाही त्याकडे पाठ करून बसला होता. आणि ती, जिने हजारो जबडे हाताळले, तिने पुढून बघितलं होतं. मागून बघितलं नव्हतं.

मागून तिने आणखीही एक कवळी बघितली नव्हती.

आईची कवळी तिनेच केली होती. चांगली केली होती, जीव ओतून. दीड वर्षात तिचे पुढचे दात सपाट झाले. आई तर मऊच खायची, पावसुद्धा दुधात बुडवून. लॅबचा नियमच आहे, की कवळी वेळेआधी झिजून परत आली तर डॉक्टरांना विचारायचं, माणूस दात खातो का? काही काळजीत आहे का? एकटा असतो का? सव्वीस वर्षांत तिने हे प्रश्न शेकडो चिठ्ठ्यांवर लिहिले होते, लाल पेनाने. आईच्या कवळीला चिठ्ठी नव्हती. ती घरचीच. तिने ॲक्रिलिकला दोष दिला, पुरवठादाराला फोनवर चार शब्द सुनावले, आणि आईला आणखी कडक दात बसवून दिले. तेही वर्षात झिजले. तेव्हा आई हसून म्हणाली होती, "तुझ्या हातची आहे ना, सारखी वापरते मी." आणि ते ऐकून ती खूश झाली होती. खूश!

रविवारभर ती त्याच्याशेजारी जमिनीवर बसून होती. सोमवारी तिने लॅबमध्ये फोन करून रजा सांगितली. उस्तादांनी विचारलं, बरं नाही का? सव्वीस वर्षांत तिने बरं नसतानाही रजा घेतली नव्हती. ती म्हणाली, घरी काम आहे.

काम असं होतं. नेहमीसारखी साडेआठला ती निघाली, बाहेरून दार लावलं, लिफ्ट खाली पाठवून दिली, आणि चपला हातात घेऊन जिन्याच्या वरच्या पायऱ्यांवर, आपल्याच दारासमोर बसली. दिवसभर दाराच्या आत काय होतं ते तिला ऐकायचं होतं. एकदा पूर्ण ऐकायचं होतं. चालणं, थांबणं, दात लोखंडाला लागल्याचा आवाज, जे असेल ते. ज्याची वाट बघितली जाते त्याला वाट कधीच दिसत नाही. ती तिला बघायची होती.

नऊ वाजले. दहा. जिन्याच्या जाळीतून ऊन खाली सरकत गेलं. कुणी शेजारी लिफ्टने वर-खाली झाले, तिला कुणी बघितलं नाही. आतून आवाज नव्हता. एक पाऊल नाही, नखाची खडखड नाही. साडेदहाच्या सुमारास ती वाकून दाराच्या फटीशी गेली, आणि फटीतून गरम हवेचा एक झोत तिच्या बोटांवर आला. गेला. पुन्हा आला.

तो दाराला नाक लावून बसला होता. ती तिथे आहे हे त्याला पहिल्या मिनिटापासून ठाऊक होतं. म्हणून चालत नव्हता, म्हणून चावत नव्हता. ती जितका वेळ तिथे बसेल तितका वेळ तिला काही ऐकू येणार नव्हतं. आणि जो दिवस तिला ऐकायचा होता तो ती तिथे नसेल तेव्हाच सुरू होणार होता. कुत्र्याचाही, आणि मागे जाऊन जाऊन, आईचाही. कुठल्याही दाराच्या बाहेर बसून तो आता ऐकू येणं शक्य नव्हतं. तिने कपाळ लाकडाला टेकवलं. तिच्या श्वासाची वाफ आणि त्याच्या श्वासाची वाफ, मध्ये दोन बोटं जाडीचं दार. दोघं तशीच बसून राहिली.

अकरा वाजून गेल्यावर खालून कठड्याला धरून कुणीतरी चढत असल्याचा आवाज आला. एक पायरी, दम, मग दुसरी पायरी. खालच्या काकू होत्या. चेहरा पांढराफटक. तिला दारासमोर जमिनीवर बसलेली बघून त्या जागीच थबकल्या, आणि त्यांच्या तोंडून नुसतं "अगं आई!" एवढंच बाहेर पडलं.

"काकू, काय झालं? तुम्ही जिना चढून आलात?"

"लिफ्ट येईना. तू... तू घरीच आहेस होय?" काकू कठड्याला टेकल्या. छाती वरखाली होत होती. "सकाळपासून वर आवाज नाही. रोज चालतो, आज नाही. दहा वाजले, अकरा वाजले, नाही. मला राहवेना गं."

"मी बाहेर बसलेय म्हणून गप्प आहे तो."

"असेल. पण मला काय माहीत?" काकू पायरीवर बसल्या, गुडघे चोळत. मग तिच्याकडे न बघता म्हणाल्या, "तुझी आई अशीच चालायची. तू गेलीस की सुरू. दारापर्यंत, परत. दारापर्यंत, परत. खुर्ची सरकवायची, बसायची, उठायची. माझ्या डोक्यावर दिवसभर. मी वैतागायचे. आमचं बोलणं नव्हतं ना, नाहीतर वर येऊन म्हटलं असतं, बाई, बस की जरा."

फटीतून श्वास येत-जात होता.

"आणि त्या दिवशी," काकू म्हणाल्या, "अकरा वाजता पाय थांबले. मला कळलं थांबले ते. मी भाजी चिरत होते. मला वाटलं, चला, आज म्हातारी निवांत झोपली. मला बरं वाटलं गं. दुपारी मीसुद्धा छान झोपले. कित्येक महिन्यांनी."

जिन्यात कुठेतरी नळ गळत होता. तिला वाटलं आपल्याला राग येईल. राग आला नाही. कुणीतरी ऐकत होतं, एवढंच मनात आलं. भांडलेलं का होईना, खालून कुणीतरी शेवटच्या पावलापर्यंत ऐकत होतं. आपण नव्हतो, पण कुणीतरी होतं.

"मी तिला आणखी कडक दात बसवून दिले होते, काकू," ती म्हणाली.

काकूंना त्यातलं काही कळलं नसावं. तरी त्यांनी मान हलवली.

मग तिने किल्ली लावली. ती फिरवताना दोघींनी श्वास रोखला. दार उघडलं. तो उभा होता. आधी तिच्याकडे बघितलं, मग काकूंकडे. काकूंनी भीत भीत हात पुढे केला आणि त्याने तो हुंगला, सावकाश, एकेक बोट. काकू जवळजवळ तीन वर्षांनी त्या घरात पाऊल टाकत होत्या. आत शिरून त्या दारासमोरच्या रिकाम्या फरशीला वळसा घालून गेल्या. तिथे काय होतं हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

पंधराव्या दिवशी, ती लॅबमधून निघत असताना, निवाऱ्याच्या बाईचा फोन आला. "हो की नाही?"

"हो."

"म्हातारा आहे ना पण तुमच्या मते?"

"चार वर्षांचा आहे."

"मी सांगितलं होतं."

"सांगितलं होतं तुम्ही." तिने पिशवी खांद्याला लावली. "वाट बघतो तो. फार बघतो."

"मग? परत आणताय?"

"नाही. मी सांगून ठेवतेय फक्त."

"बरं," निवाऱ्याची बाई म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचं बोलणं तोडून टाकल्यासारखं नव्हतं. "लवकर घरी जात जा मग."

लवकर जाणं जमण्यासारखं नव्हतं. जबडे थांबत नाहीत, डॉक्टर थांबत नाहीत. सहाच्या ऐवजी पाचला उठून ती त्याला लांब फिरवून आणू लागली. दाराच्या आतून खाली पत्रा ठोकून घेतला, मग तो काढला, कारण लोखंड बघून तो मागे सरला. घराची दुसरी किल्ली तिने खालच्या काकूंना दिली. काकूंनी ती पदरात गुंडाळून घेतली, काही मोठंसं न मानता.

"एकला खाली आणीन त्याला. तीनपर्यंत माझ्याकडे. मग माझी झोपायची वेळ."

"गुडघे?"

"गुडघ्यांना विचारून काय होतंय? आणि ऐक. सकाळी चालू दे त्याला वर. मला त्रास नाही. थांबला तर मी येईन."

त्याने काही सगळं बदललं नाही. संध्याकाळी दार अजून ओलं असायचं, कधी कमी, कधी जास्त. ती पुसायची, पण पुसण्याआधी एकदा हात लावून बघायची. आणि किल्ली फिरवताना आत कुणीतरी उठायचं, खरोखरच उठायचं. कधी कधी तिला वाटायचं, दोघं उठतायत. ती उंबऱ्यात थोडी जास्त वेळ उभी राहायची, म्हणजे दुसऱ्यालाही उठायला वेळ मिळावा.

एका गुरुवारी सकाळी, ती मेणात पुढचे सहा दात बसवत असताना, टेबलावरचा फोन वाजला. पडद्यावर काकूंचं नाव. घड्याळात अकरा. तिच्या हातातला दात मेणात तिरका रुतला.

"काकू? काय झालं?"

"काही नाही गं. चालतोय."

"काय?"

"चालतोय म्हटलं. व्यवस्थित चालतोय. तेच सांगायला फोन केला. थांब, ऐकवते." पलीकडे खुर्ची सरकली, काकू बहुतेक स्टुलावर चढल्या आणि त्यांनी फोन छताकडे धरला. "येतंय का ऐकू?" लांबून त्यांचा आवाज आला.

तिने फोन कानाला घट्ट दाबून धरला. पंख्याची घरघर होती. काकूंची धाप होती. बाकी काही नव्हतं.

"येतंय," ती म्हणाली. "काकू, उतरा आता खाली. येतंय ऐकू."

उस्तादांनी भिंग वर केलं. "कुणाचा गं?"

"घरून होता," ती म्हणाली, आणि तिरका बसलेला दात काढून पुन्हा मेण तापवायला घेतलं.